नखावरचा थेंब

भरून गेलेला भोपळा भरलेलाच परत आला!

बाजारच्या गावाहून आलेल्या मोटारसायकलच्या मागच्या बाजूला हाजिया रेकिया बसली होती, आणि तिच्या मांडीवर, एखादं आजारी मूल धरावं तसा, कुंबोचा दह्याचा मोठा, वाळवून कोरलेला भोपळा होता. वीस वर्षांत कुंबोच्या दुधाचं भांडं गावातून कधी भरलेलं परत आलं नव्हतं. रिकामं यायचं, धुतलेलं यायचं, कधी तळाशी मिठाचा खडा नाहीतर चार कांदे घालून यायचं... पण असं, झाकणापर्यंत डुचमळत?

"ये, बाहेर ये! बघ तुझं दही!" हाजियानं झाकण उडवलं. "माझ्या नातवाचं बारसं. दीडशे माणसं जेवायला. आणि तुझ्या दह्यात बाजरीचे गोळे टाकले तर ते सरळ तळाला जाऊन बसले, बेडकांसारखे! माझ्या विहीणबाई काय म्हणाल्या माहितेय? म्हणाल्या, 'तुमच्याकडे दह्याची आमटी करतात वाटतं?'"

"हाजिया, सावलीत बसा तरी..."

"बसायला आले नाही मी! बाकीच्या बायका पाणी घालतात, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मी छातीठोकपणे सांगत होते, कुंबोच्या दुधात बोट घाला, पांढरं होऊन बाहेर येतं. आता कुठल्या तोंडानं सांगू?" तिनं कुंबोचा हात ओढला, अंगठा वर केला आणि गळणाऱ्या चमच्यातला एक थेंब त्याच्या नखावर सोडला.

चांगल्या दुधाचा थेंब नखावर उभा राहतो. हा राहिला नाही. नखावरून घरंगळला, अंगठ्याच्या पेरातून वाट काढत मनगटापर्यंत गेला आणि तिथं त्याची पांढरी रेघसुद्धा उरली नाही.

कुंबोनं भोपळ्यावर वाकून वास घेतला. वासात तीन गोष्टी होत्या. सर्वांत खाली तिचं स्वतःचं विरजण होतं, तिच्या आईकडून आलेलं, रोज चमचाभर मागे ठेवून जिवंत ठेवलेलं. त्याच्यावर तळ्याच्या चिखलाचा गार वास. आणि सर्वांत वर, पाण्याचा पातळपणा झाकायला कोणीतरी कालवलेली गोरखचिंचेच्या गराची आंबट भुकटी.

आदल्या संध्याकाळी तिनं हे दूध स्वच्छ घासलेल्या, लाकडाचा धूर दिलेल्या भोपळ्यात विरजलं होतं. पहाटे एक गाय अडली होती म्हणून ती गोठणावर गेली. परत आली तेव्हा भोपळा जाळीत बांधून तयार होता. कोणी बांधला होता?

अंगणाच्या टोकाला उखळीत बाजरी कांडण्याचा आवाज चालला होता. तो थांबला. क्षणभर सगळीकडे नुसतं ऊन... मग मुसळ पुन्हा पडू लागलं, पण आता त्याचा ताल चुकत होता. आणि चुलीपाशी टांगलेल्या दह्याच्या डावाच्या दांड्याला भेग होती तिथं, त्या भेगेत, पांढरी भुकटी अडकलेली कुंबोला दिसली. तिनं तो डाव पदराखाली घेतला.

मुसळ तिच्या थोरल्या मुलीच्या हातात होतं.

थोरलीला नाव होतं, छान नाव होतं. बाप हाक मारायचा, कुंबोची सवत फादी हाक मारायची, वस्तीतली शेंबडी पोरं मारायची. कुंबोनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. पहिल्या अपत्याचं नाव आई घेत नाही, त्याला चारचौघांत जवळ घेत नाही, त्याचं कौतुक करत नाही. ती लाज जी पाळत नाही तिला गुरं पाळणारे फुलानी लोक आपली बाई म्हणत नाहीत. अंगावरचं दूध तुटल्यावर थोरली आजीकडे गेली, तिलाच 'आई' म्हणत मोठी झाली, तिथूनच तिचं लग्न झालं. आजी मेली, नवऱ्यानं सोडलं, आजीनं दिलेले सगळे भोपळे सासरी राहिले, आणि चार वर्षांपूर्वी ती रिकाम्या हातांनी आईच्या अंगणात येऊन उभी राहिली. तेव्हापासून त्या दोघी एका चुलीपाशी राबत होत्या, एकमेकींना कोणत्याही नावानं हाक न मारता. एक म्हणायची, "अगं, झाकण." दुसरी म्हणायची, "हं." धाकट्या अस्ताला मात्र कुंबो दिवसातून शंभर वेळा हाका मारी, रागावे, हसवे, तिच्या वेण्या घाली... आणि थोरली ते बघत असे.

कुंबोला ते बघणं दिसत नव्हतं असं नाही. पण काय करणार होती ती?

*

दुपारी आर्डो साम्बोनं सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं. वस्तीचा म्होरक्या होता तो. आवाज कधी चढवायचा नाही, म्हणून त्याची जास्त भीती वाटायची.

"हाजिया बाजारात बसून सांगेल आणि सगळा बाजार ऐकेल," तो म्हणाला. "उद्यापासून आपल्या एकाही बाईच्या भोपळ्याचं झाकण कोणी विकत घ्यायला उघडणार नाही. ज्यानं केलं त्याचं नाव कळलं, तर मी जाऊन सांगू शकतो की एकीनं केलं, बाकीच्या तशा नाहीत. कुंबो, तुझ्या दुधाला कोण कोण हात लावतं? एकेकीचं नाव घे."

"अस्ता," कुंबो म्हणाली. "पण ती तीन दिवस मावशीकडे होती."

"बरं. अजून?"

"फादी माझ्या भांड्यांना हात लावत नाही."

"देवाची कृपा, एवढं तरी बोललीस," सवत मागून पुटपुटली. दोन-तीन बायका हसल्या.

"अजून कोण?" आर्डोनं विचारलं.

कुंबोनं तोंड उघडलं... आणि मिटलं. समोर सगळी वस्ती होती. नवरा बुबा काठीवर हनुवटी टेकून खाली बघत होता. थोरली बायकांच्या मागे उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता.

गप्प राहावं, असं कुंबोनं ठरवलं होतं. गप्प राहिलं की कोणी काही सिद्ध करू शकत नाही. पण तिथं, त्या उन्हात, एकाएकी तिच्या लक्षात आलं की तिला गप्प राहण्याचीसुद्धा सोय नव्हती! तिच्या मुलांपैकी एकच नाव तिच्या घशात अडतं, हे लहान पोरालाही माहीत होतं. ती जितका वेळ थांबेल तितकं ते नाव मोठं होत जाणार होतं. नाव न घेणं हेच नाव घेणं होणार होतं! फादीनं मान वळवायला सुरुवात केली होती. तिची नजर बायकांवरून सरकत सरकत मागे चालली होती...

पुढच्या महिन्यात नदीपलीकडचा एक विधुर थोरलीला मागणी घालायला येणार होता. दुधात पाणी घालणाऱ्या मुलीला कोण नेईल?

"अजून कोणी नाही," कुंबो म्हणाली. "मीच घातलं."

"तू?" आर्डो पुढे वाकला.

"मी. उन्हाळ्यात गाई आटल्या, दूध पुरत नव्हतं. तळ्याचं पाणी घातलं, वर गोरखचिंचेची भुकटी. वाटलं, कळणार नाही." आणि तिनं पदराखालचा डाव काढून सर्वांसमोर ठेवला. "ही बघा, अजून लागलेली आहे."

मग बायकांच्या मागून एक आवाज आला, स्वच्छ, जरा चढाच...

"असं का केलंस?"

थोरलीचा आवाज होता तो. "अख्ख्या वस्तीला खाली बघायला लावलंस! असं का केलंस?"

कुंबोनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिला वाटलं होतं, पोरगी रडेल. किंवा पळून जाईल. किंवा, मनाच्या अगदी आत कुठेतरी, वाटलं होतं की पुढे येईल... हे मात्र वाटलं नव्हतं. पाणी दुधात घातलं गेलं तेव्हा जेवढं दुखलं नव्हतं, तेवढं ते तीन शब्द ऐकून दुखलं.

बुबा उठला. कुंबोशी लग्न झालं तेव्हा त्यानं ओले नावाची पिवळी कालवड दुधासाठी तिच्या वाट्याला दिली होती. आता तिच्या दोन लेकीही दुभत्या होत्या. गाई पुरुषाच्या, पण दूध बाईचं. तेवढं एक राज्य बाईचं असतं.

"उद्यापासून ओले आणि तिच्या दोघी," बुबा कोणाकडेही न बघता म्हणाला, "फादीच्या वाट्याला."

*

कुंबोच्या झोपडीत पलंगामागे चटयांत गुंडाळलेली एक मोळी होती. चार वर्षं ती वाढत होती. लोण्यातून जे सुटेल त्यातून कुंबो एकेक भोपळा घेई, दुपारी सगळे निजले की तापलेल्या सुरीनं त्यावर नक्षी काढी आणि गुंडाळून ठेवी. नव्या नवरीच्या घरात भोपळ्यांची रांग नसेल, तर सासरच्या बायका तिला आयुष्यभर ऐकवतात. सगळे त्या मोळीला 'अस्ताची मोळी' म्हणत. कुंबोनं ते कधी खोडून काढलं नाही. कसं खोडणार? 'अस्ताची नाही' म्हटलं, की 'मग कोणाची?' हा प्रश्न येणारच होता.

थोरलीही तिला अस्ताचीच समजत होती. म्हणून तर तिनं रोज तांब्याभर दूध बाजूला काढून चोरून विकायला सुरुवात केली होती, आपले आपण दोन भोपळे तरी जमवावेत म्हणून. तेवढं पाणी घातलं की माप बरोबर.

विधुरानं मागणी घातली, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी कुंबोनं मोळी ओढत बाहेर आणली आणि थोरलीसमोर तिच्या दोऱ्या सोडल्या.

"अगं बाई, अस्ताचे कशाला काढलेस?" फादी म्हणाली. "त्या पोरीनं काय पानातून जेवायचं?"

अकरा भोपळे. थोरलीनं पहिला उचलला, फिरवला. त्याच्यावर बगळ्यांची रांग होती. गाईंच्या मागून चालणारे, एक पाय उचललेले, छोटे छोटे बगळे. ही नक्षी आजीच्या घरची. अस्ताला ती कधीच आवडली नव्हती. तिला चौकटी हव्या असत. थोरलीनं दुसरा उचलला. बगळे. तिसरा... तिसरा जुना होता, चार वर्षांच्या धुरानं मधासारखा गडद झालेला. त्यावरही बगळेच!

तिनं अकरावा खाली ठेवला तेव्हा तिचे ओठ दातांखाली होते. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे कुंबोलाही कळलं. एक शब्द... त्या वेळी एक शब्द जरी आला असता! पण दारात वऱ्हाड थांबलं होतं, बायका गात होत्या, आणि थोरलीच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

कुंबोनं मुठीएवढा एक तुंबा तिच्या हातात दिला. त्यात विरजण होतं, ओलेच्या दुधातलं शेवटचं.

"रोज चमचाभर मागे ठेवायचं," ती म्हणाली. "सगळं संपवायचं नाही."

*

नऊ वर्षं झाली.

कुंबो शेण भरत होती, दुसऱ्यांची भांडी घासून त्यांना धूर देत होती, आणि सकाळी फादीचा तुंबा मांडीवर घेऊन तिचं लोणी काढत होती. तुंबा मागेपुढे हलवताना आतला आवाज बदलतो. आधी नुसतं डुचमळतं, मग जड होतं, मग लोण्याचा गोळा भिंतीवर आपटू लागतो. कुंबोला तो क्षण आवाजावरून कळे. आता दिसत नव्हतंच फारसं. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. लोणी काढलं की फादी तिच्या वाडग्यात ताक ओतायची आणि कधीकधी, कोणी बघत नसताना, बोटभर लोणीही टाकायची. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

थोरली एकदाही आली नाही. नदीपलीकडून गुरं घेऊन येणारे सांगत, तिकडे एका बाईचं दही इतकं घट्ट असतं की डाव उभा राहतो. "विरजण कुठलं, विचारलं तर सांगत नाही," ते म्हणत. कुंबो खाली बघून भांडं घासत राही.

राग होता का? होता. रोज पहाटे धारांचा आवाज ऐकू आला की तो ताजा होई. पण राग एकटा कधी येत नसे. त्याच्या पाठीमागे ते चुकलेल्या तालाचं मुसळ येई, तो पांढरा चेहरा येई...

आणि मग एका उन्हाळ्यात फादी अंगणातून ओरडली, "कुंबो, कोणीतरी येतंय. डोक्यावर भोपळा. चाल बघ, अगदी तुझी! म्हणजे, तुला कंबर होती तेव्हाची."

थोरली आईकडे आली नाही. ती थेट चिंचेखाली गेली, जिथं म्हातारा आर्डो चटईवर बसला होता, आणि भोपळा उतरवून त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बुबा आला, बायका गोळा झाल्या. अस्ता धावत आली आणि आईला हाताला धरून घेऊन गेली.

"आर्डो," थोरली म्हणाली, "त्या वर्षी पाणी मी घातलं होतं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मी घातलं, मी दूध चोरलं, आणि हिनं माझं नाव वाचवलं. मी वर हिलाच विचारलं, असं का केलंस म्हणून! नऊ वर्षं मला तेच ऐकू येतंय. यायचं ठरवायची, नदीपर्यंत यायची, आणि लाजेनं परत जायची. आता मला मुलगी झाली आहे. पहिली. सासू सांभाळते तिला. ती पडली, रडली, तरी मी तिला नावानं हाक मारू शकत नाही... तेव्हा मला कळलं, हाक न मारता आईचं काय होतं ते." तिनं वर आर्डोकडे पाहिलं. "हिच्या गाई हिला परत द्या. मला जे म्हणायचं ते म्हणा."

बुबा काठी टेकत उठला. "कुंबो... खरं काय?"

कुंबोच्या पडदा आलेल्या डोळ्यांना समोर फक्त एक उंच सावली दिसत होती. नऊ वर्षं तिनं या क्षणाची किती रूपं मनात रंगवली होती! कधी त्यात ती रडे, कधी शिव्या देई, कधी लेकीला छातीशी धरी. आता तो आला होता, आणि तिला आठवत होतं फक्त इतकंच, की नदीपलीकडच्या बाजारातही आजच संध्याकाळपर्यंत बातमी जाईल. तिथल्या बायका झाकणं उचलतील, थेंब नखावर घेतील. आणि ती लहानगी, तिच्याही लग्नात कोणीतरी म्हणेल...

"ही पोरगी खोटं बोलतेय," कुंबो म्हणाली. "मीच घातलं होतं."

"नाही!" थोरली किंचाळली. "का असं करतेस? मी सांगतेय ना सगळ्यांना!"

"आर्डो, उन्हातून चालत आली आहे, डोकं फिरलंय तिचं. तिला पाणी द्या." मग ती वळली, आणि तिच्या आवाजात नऊ वर्षांचा कडवटपणा एकदम वर आला. "तेव्हा सांगायला हवं होतंस! तेव्हा मी तरणी होते, डोळे होते, ओले जिवंत होती. आता काय सांगतेस? नऊ वर्षं हे मी डोक्यावर वाहिलंय. आता ते माझं झालं. तेवढं तरी मला राहू दे!"

आर्डोनं बराच वेळ दाढी कुरवाळली. त्याला सगळं कळलं असावं. "कुंबो म्हणते तसं," तो शेवटी म्हणाला. "जुनी गोष्ट आहे."

माणसं पांगली. फादी मात्र कुंबोला धरून झोपडीपर्यंत घेऊन आली आणि दारात थांबली.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "मान वळवली तेव्हाच दिसलं होतं तिच्या तोंडावर."

"मग बोलली का नाहीस?"

"गाई हव्या होत्या मला," फादी म्हणाली. एवढं बोलून ती निघून गेली.

थोरली आत आली. भोपळा तिनं आईसमोर ठेवला. बगळ्यांचा भोपळा, आता काळसर मधाच्या रंगाचा.

"इथं कोणी नाही," थोरली म्हणाली. "कोणी ऐकणार नाही. एकदा... एकदाच माझं नाव घे ना, आई!"

आई! हा शब्द त्या झोपडीत थोरलीच्या तोंडून कधी उच्चारला गेला नव्हता. कुंबोचे ओठ हलले. नाव जिभेवर आलं. त्याचं पहिलं अक्षर दातांपर्यंत आलं...

"घ्यायचं असतं," ती म्हणाली, "तर त्याच दिवशी चिंचेखाली घेतलं असतं."

थोरलीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती रडू लागली. कुंबोचा हात थोडा वेळ अधांतरी राहिला, मग तिच्या केसांवर टेकला. चारचौघांत नाही, म्हणून चालत होतं. दुसऱ्या हातानं चाचपत तिनं झाकण काढलं, वास घेतला. तिच्या आईचं विरजण. धूर. त्याच्या वर काहीच नाही.

तिनं बोट बुडवलं, एक थेंब अंगठ्याच्या नखावर सोडला. दिसत नव्हतं, म्हणून हात हळूच तिरका केला, आणखी तिरका केला, आणि तो थेंब मनगटाकडे ओघळतो का याची वाट बघत बसली. थेंब हलला नाही.

"पाणी नाही यात," ती म्हणाली.

"नाही," मांडीत तोंड लपवून थोरली म्हणाली.

बाहेरून फादीची हाक आली. "कुंबो, तुंबा भरून ठेवलाय! ऊन चढलं की लोणी धरणार नाही. येतेस ना?"

कुंबोनं नखावरचा थेंब जिभेनं टिपला, लेकीचं डोकं दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"आले," ती म्हणाली. मग दारातूनच, मागे न बघता, "अगं... झाकण घाल. माशा बसतील."